दोघींचा किराणा

दहावा उरकून पुरुषमंडळी घरी परतली, चहा झाला आणि तेराव्याच्या स्वयंपाकाचं बोलणं निघालं. आचाऱ्याने फोनवर सामान सांगितलं होतं. साखर, रवा, तेल, तूरडाळ, तांदूळ, मैदा. माझा धाकटा दीर ते एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून संध्याकाळी सगळं आणून टाकतो, असं तो म्हणाला. मी भिंतीला टेकून बसले होते. सकाळपासून माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"शोकेसच्या ड्रॉवरमध्ये मॉलची कूपनं आहेत," मी म्हणाले. "या महिन्याअखेर ती बाद होतील."

दिराने हातातल्या पाकिटाकडे बघितलं. माझी जाऊ कपबशा गोळा करत होती, ती तशीच आत निघून गेली. थोड्या वेळाने नणंदेने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, वहिनी, या दिवसांत कूपनं सुचतात का कुणाला? तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

दिराने कूपनं घेतली, खिशात घातली आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, काउंटरवर ती काढायला लाज वाटली. ट्रॉली तिथेच सोडून आलो. भावाच्या तेराव्याला सवलतीची साखर आणली असं कुणी म्हणेल.

माझ्या सासूबाई कोपऱ्यात गोधडीवर पडून होत्या. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो. त्या कर्जतकडच्या. नगरला येऊन पंचवीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच राहिली. मुलगा गेल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करूनच झोपत. त्या उठून बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यानंच ठिवल्याती न्हवं? मंग तू जा. मी हाय हितं."

सुतकात घरची बाई बाहेर पडत नाही. पण आत्याच बोलल्यावर कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिराच्या गाडीत बसून सावेडीला गेले.

मॉल नुकताच उघडला होता. फरशी ओली होती. मला वाटलं होतं, आत गेल्यावर काहीतरी होईल, कारण महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं इथेच यायचो. काही झालं नाही. मी साखरेचे दोन ब्रँड हातात घेऊन कुठली स्वस्त पडते ते बघितलं. तेलाच्या मोठ्या डब्यापेक्षा पाच लिटरचे कॅन ऑफरमध्ये स्वस्त पडत होते, म्हणून कॅन घेतले. रवा सुटा घेतला. माझं डोकं नीट चालत होतं. दोन ट्रॉल्या भरल्या. दीर माझ्या मागून एक ढकलत होता आणि सारखा मोबाईल बघत होता.

काउंटरवरची बाई आम्हाला ओळखायची. माझ्याच वयाची, चष्मा लावणारी, हाताला चपळ. माझ्या नवऱ्याशी ती नेहमी बोलायची, कारण कूपन काढून तिला नियम सांगणारा तो एकच गिऱ्हाईक असावा. तिने मोबाईल नंबर विचारला. मी त्याचा सांगितला. पॉइंट त्याच नंबरवर जमा व्हायचे.

"साहेब नाही आले?" मशीनवर पिशवी फिरवत तिने विचारलं.

"नाही."

"एवढी साखर. कार्य आहे वाटतं घरात?"

"हो," मी म्हणाले. "कार्य आहे."

"मग साहेबांना सांगा, पेढे राहिले आमचे."

दीर शेजारच्या चॉकलेटच्या बरण्यांकडे बघत राहिला. मी कूपनं मोजून दिली, बिल घेतलं. गाडीत बसल्यावर तो रडला. मी बिल तपासलं. सगळी कूपनं धरली होती.

नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. दुसऱ्या पाळीला गेला, कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बाकावर बसला आणि उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं मला त्याबद्दल काही माहीत नाही. कारखान्यातली माणसं खूप काही सांगत होती, पण ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

किराणा मात्र मला सगळा आठवतो. ते त्याचं खातं होतं. पगार हातात आला की पहिला रविवार त्याचा. निघण्याआधी तो चहात बुडवून भाकरी खायचा. उपाशी पोटी मॉलमध्ये गेलं की डोळे जेवतात, असं त्याचं म्हणणं. डाळी आणि शेंगदाणे तो कधीच मॉलमधून घ्यायचा नाही. त्यासाठी दाळमंडईत जायचं, पोत्यात हात घालायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा. मॉलमध्ये साबण, पावडर, चहा, तेल, तेही ऑफर असेल तर. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी केलेलं त्याच्या लगेच लक्षात यायचं. मग तो मला तो पुडा दाखवायचा, जणू कुणीतरी त्यालाच घरी येऊन फसवलंय. मुलगी लहान असताना एकावर एक फुकट म्हटलं की हट्ट करायची. तेव्हा तो तिला सांगायचा, फुकटचं आणायला गेलं की विकतचं घरी येतं. ज्वारी गावाकडून यायची, वर्षाची एकदम. ती कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं काम आत्यांचं.

त्याच्या मागे पगार थांबला. फंडाचे पैसे यायला वेळ लागत होता, पेन्शन सुरू व्हायची होती. मुलगी पुण्यात शिकते, तिची फी आणि होस्टेल होतंच. दिराने महिन्याला काही देऊ केलं, मी नको म्हणाले. स्वाभिमानाने म्हणाले असं नाही. हो म्हणून मग त्याविषयी बोलत बसण्याची मला ताकद नव्हती.

मी फक्त पहिल्या रविवारी उठले, चहात बुडवून भाकरी खाल्ली आणि दाळमंडईत गेले. तिथून सावेडीला. त्याने जे घेतलं असतं ते घेतलं, तेवढंच घेतलं, जिथून घेतलं असतं तिथूनच घेतलं. पिशव्या रिक्षात घालून घरी आणल्या आणि डबे भरले. त्या कामात विचार करायला लागत नव्हता. लोक म्हणायचे, धीराची आहे. शेजारणी म्हणायच्या, बघा, कसं सावरलं. मी सावरले नव्हते. माझ्यात सावरायला काही पडलेलंच नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्याला हात लावला तर काही लागत नव्हतं.

उन्हाळ्यापर्यंत असं चाललं. मग एक दिवस आत्यांनी शेंगदाण्याचा डबा उघडला. आत जाळी धरली होती. त्यांनी तूरडाळीचा उघडला, त्यात किडे. पोह्यांना कुबट वास. त्यांनी एकेक करून सगळे डबे ओट्यावर काढले. ऑफरमधला साबण तर इतका होता की कपाटात माझ्या साड्यांखालीही ठेवलेला. मी दर महिन्याला चार माणसांचं आणत होते. मुलगी सुट्टीलाच यायची. घरात आम्ही दोघी, आणि आत्या एका वेळी अर्धी भाकरी खातात.

आत्यांनी गच्चीत चादर पसरली आणि डाळ उन्हात घातली. दुपारभर आम्ही दोघी समोरासमोर बसून निवडत होतो. मुलगा गेल्यापासून आम्ही इतका वेळ एकत्र बसलोच नव्हतो. आत्या किडे बोटाने बाजूला सारत होत्या. बराच वेळ गेल्यावर म्हणाल्या, "आता दोघीच हाय आपुन. निम्मं आनत जा."

मी हो म्हणाले. त्या पुन्हा निवडायला लागल्या. त्यांचा हात थांबला नाही, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या ते पुसत नव्हत्या. मी बघत राहिले. मला वाटलं, मीही रडावं. मी सुपातली डाळ पाखडली.

निम्मं आणणं सोपं नव्हतं. ज्या गोष्टी स्वस्त असतात त्या मोठ्या कुटुंबासाठी स्वस्त असतात. तीनवर एक फुकट, पाच किलोला सूट, अमुक रकमेच्या वर खरेदी केली तरच कूपन. दोघींच्या घराला कूपन लागतच नाही. त्याची सगळी हुशारी चौघांच्या मापाची होती आणि मला ती पाठ झाली होती. आता ती विसरून पहिल्यापासून शिकायचं होतं. तेलाची एकेक लिटरची पिशवी महाग पडते, पण खवट होत नाही. अर्धा किलो डाळ मागितली की दाळमंडईतला व्यापारी मान वर करून बघतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागले, जिथून दीर पहिल्यांदा सामान आणणार होता. तिथे पाव किलो साबुदाणा मागितला तर कुणी बघत नाही. वरच्या मजल्यावरची एक नवी सून साखर आणि चहा माझ्याबरोबर भागीत घ्यायला तयार झाली. मोठं पाकीट आणून घरी तोलून निम्मं-निम्मं करायचं. ती येते, काटा बघते, पैसे देते, जाते. जास्त बोलत नाही. म्हणून ते टिकलं.

मॉलमध्ये मी कधीतरीच जायचे. असंच एकदा, पहिलं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर, थोडं सामान घेऊन काउंटरवर आले. चहा, साबण, आत्यांचं केसांचं तेल. बिल झालं तेव्हा ती चष्म्यातली बाई म्हणाली, या नंबरवर पॉइंट बरेच साठलेत, वापरले नाहीत तर निघून जातील. मी म्हणाले, वापरा. तिने बटण दाबलं.

"ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर गेलाय. फोन करून विचारता का त्यांना?"

त्याचा मोबाईल कपाटात होता. रिचार्ज कुणी केलं नव्हतं, नंबर केव्हाच बंद पडला होता. मी तेवढंच सांगितलं, नंबर बंद झालाय. ती म्हणाली, मग साहेबांना एकदा सोबत आणा, नंबर बदलून देते. माझ्या मागे चार-पाच ट्रॉल्या होत्या.

"ते वारले," मी म्हणाले. "मागच्या वर्षी."

बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, हे वाक्य मी तोवर कधी उच्चारलंच नव्हतं. घरी इतरांनी सगळ्यांना कळवलं होतं. बँकेत, कारखान्यात, फंडाच्या ऑफिसात मी मृत्यूचा दाखला पुढे करायचे. कागद बघून समोरचा समजून घ्यायचा.

तिचा हात मशीनवर तसाच राहिला. तिने मागच्या लोकांना शेजारच्या काउंटरवर जायला सांगितलं, स्वतःचं स्टूल काउंटरच्या बाहेर सरकवलं आणि म्हणाली, बसा. मी बसले. तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

"तुम्ही तेव्हा आला होता," ती म्हणाली. "साखर, रवा, दोन ट्रॉल्या. ते तेराव्याचं होतं?"

"हो."

"मी तुम्हाला पेढे मागितले होते."

"तुम्हाला कुठे माहीत होतं."

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. मग आत जाऊन मॅनेजरला बोलावून आणलं. तो म्हणाला, दाखल्याची प्रत लागेल. त्या काळात प्रती माझ्या पर्समध्ये असायच्याच, एक काढून दिली. त्याने ती उलटसुलट बघितली, सही घेतली. चष्म्यातल्या बाईने माझा नंबर टाकला, माझं नाव विचारलं आणि ते हळूहळू, एकेका अक्षराला बोट लावून टाइप केलं. पॉइंट वजा होऊन सामानाचे फार थोडे पैसे द्यावे लागले. तिने पिशवी भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "येत जा. थोडंच घ्यायचं असलं तरी येत जा."

मी बरं म्हणाले.

बाहेर ऊन होतं. रिक्षा मिळेपर्यंत मी मॉलच्या सावलीत उभी राहिले. पाय दुखत होते, एवढं मला जाणवलं. बऱ्याच दिवसांत मला स्वतःचं काही दुखल्याचं जाणवलं नव्हतं.

घरी आत्यांनी विचारलं, एवढा उशीर का. मी त्यांना सांगितलं. पेढ्यांचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बाई कुठली हाय, असं विचारलं. मी म्हणाले, मी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, विचारायचं हुतं.

मग मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. जरा पाठ टेकावी म्हणून. झोप लागली ती दिवे लागायच्या वेळी जाग आली. स्वयंपाकघरातून थापटण्याचा आवाज येत होता. वर्षभरात आत्या शेगडीपाशी उभ्या राहिल्या नव्हत्या. ओट्याला कंबर टेकून त्या भाकरी थापत होत्या. मी उठले, हात धुतले आणि तव्यावरची भाकरी उलटली.