परग्रहवाशाची भूमिका

विज्ञान प्रदर्शनातील नाटिका मीच लिहिली होती. तीत एक कप्तान, दोन शास्त्रज्ञ आणि एक परग्रहवासी होता. नववीतील ज्या मुलीच्या घरी गोंडी बोलतात, तिला मी परग्रहवासी केले आणि तिच्या संवादाच्या जागी एवढेच लिहिले : गोंडीत काहीतरी बोलते. तिच्या भाषेला आपण रंगमंच देत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती दोनदा म्हणाली, "मॅडम, मी कप्तान होऊ का?" दोन्ही वेळा मी उत्तर दिले, "गोंडी फक्त तुलाच येते ना!" तालमीत तिने तोंड उघडले की मुले हसत. नाटिका रंगते आहे, असे मी समजत असे.

अंतराळयान आतून कसे असते ते मुलांना दिसावे, म्हणून एका शनिवारी दुपारी मी मेक्सिकोचा एक विज्ञानपट लावला. आमच्या समुद्रपूर तालुक्यातील मुलांना पडद्यावरच्या इंग्रजी ओळी झेपत नाहीत. त्या मी आधी वहीत मराठीत उतरवते आणि पडद्याशेजारी उभी राहून वाचते. प्रारंभी फळ्यावर मुद्दे मांडले. मेक्सिकोत अनेक वर्णांची, अनेक भाषांची माणसे राहतात. तिथल्या विज्ञानपटांत यान चालवणारा चेहरा मात्र बहुधा गोरा असतो. या चित्रपटात यानातल्यांशी बोलणी करते ती एक आदिवासी बाई, म्हणून तो वेगळा, असे मी समजावून सांगितले.

शेवटाकडे ती बाई यानाच्या दारात उभी राहून आपल्या भाषेत बराच वेळ बोलते. खाली इंग्रजी ओळ नव्हती. मी म्हणाले, "इथे विशेष काही नाही. पुढे यानातले लोक तिला सोडून जातात."

माझी परग्रहवासी झालेली ती मुलगी उभी राहिली. "मॅडम, ती एवढी बोलून राह्यली, अन् विशेष काई नाई?"

"तुले समजते का वं तिचं?" मागून एकाने टोमणा मारला. "मंग सांग ना आमाले!"

"नाई समजत. पन तिचा हात पाह्य ना. त्यायनं तिले सोडलं नाई. तिनंच नाई म्हटलं."

मी प्रसंग पुन्हा लावला. आतून पुढे आलेला हात बाईने शांतपणे बाजूला सारला होता. तयारी करताना हा प्रसंग मी तीन वेळा पाहिला होता.

दिवे लागल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. "मले नाटकातून काढा, मॅडम."

रविवारभर कशातच मन लागेना. उत्तरपत्रिका उघडल्या, मिटल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले.

"कप्तान तू हो."

"गोंडीत बोलीन."

"बोल. मला अर्थ लिहून दे, मी मराठीत वाचेन."

"सगळं नाई देनार लिवून. थोडं तवाच, नाटकात ऐकजा."

परग्रहवासी आता नाटिकेत नाही. त्या ग्रहावर कोण राहते, हे कप्तान सांगणार आहे. प्रयोग उद्या सकाळी. मुलांचे आईवडील येतील, तिचेही. तिने मला चार ओळी दिल्या आहेत. चौथीनंतर मी गप्प राहायचे आहे. किती वेळ, ते तिने सांगितलेले नाही.