अमावस्येला न पडणारे इलेक्ट्रॉन

आकाशातून इलेक्ट्रॉन पडतात आणि ते कधी पडले हे शोधणं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. मला बघायला आलेल्या एका मुलाला हे सांगितलं, तेव्हा त्यानं चहा अर्धा ठेवून छताकडं पाहिलं होतं. हे इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय पट्ट्यात अडकलेले असतात. त्यातले काही निसटून वातावरणाच्या वरच्या थरात कोसळतात आणि त्या थरावर आपटून येणाऱ्या दूरदेशीच्या रेडिओ लहरी डळमळतात. आम्ही त्या लहरींची रेघ कागदावर काढत बसायचं आणि रेघ हलली की आनंद मानायचा.

अडचण एकच. हे कोसळणं चालतं ध्रुवांच्या बाजूला; कोल्हापूरकडं असले पाहुणे सहसा फिरकत नाहीत. पण माझे पीएच.डी.चे सर जिद्दीचे. विद्यापीठात विजेचा गोंगाट फार, म्हणून नव्वदीच्या दशकात त्यांनी गडमुडशिंगीत, म्हणजे माझ्याच गावात, एका शेतात बांबूंवर लहरी पकडणारं तारेचं मोठं वेटोळं उभं केलं. का, तर तिथं शांतता. शेताला लागूनच विजेच्या मोटारीवर चालणारं गुऱ्हाळ होतं. तिथली गरम काकवी सर दर भेटीत मिटक्या मारत खायचे. शेजारी काय चाललंय ते बघणं मात्र आमच्या शास्त्रात बसत नव्हतं.

दिवाळी झाली आणि चमत्कार झाला. रेघ रोज डळमळायला लागली. सकाळी सुरू, दुपारी तासभर विश्रांती, पुन्हा संध्याकाळपर्यंत. उन्हाळा लागला की बंद. आणि अमावस्येला तर ठार सपाट! सरांकडं प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. दुपारी सूर्य माथ्यावर येतो, हिवाळ्यात वरची हवा बदलते आणि अमावस्येला चंद्राचा प्रभाव. दोन हिवाळ्यांच्या नोंदी जमल्यावर माझा सगळा प्रबंध त्या चंद्रावर उभा राहिला. सर परदेशातल्या परिषदेत हा शोध मांडणार होते आणि त्याच्या जोरावर तिथंच मला पुढच्या संशोधनाची जागा मिळणार होती. ती जागा मला फार हवी होती. भूक लागावी तशी हवी होती.

परिषदेच्या आठवडाभर आधी मी घरी जमिनीवर नोंदींचा लांबलचक कागद पसरून अमावस्यांवर फुल्या मारत होते. आई येऊन शेजारी बसली. तिनं उभा जन्म त्याच गुऱ्हाळावर चिपाडं, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, वाळत घालण्यात काढला होता.

"ह्या फुल्या कशाच्या गं?"

"अमावस्येच्या."

"मग रेघ गप असणारच की. अमावस्येला गुऱ्हाळ बंद असतंय." तिनं दुपारच्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलं. "आन् हितं आमी भाकरी खातो."

"आई, तुला यातलं काय कळतंय?" मी ओरडले.

"मला काय कळतंय बाई. मोटार चालू हाय का न्हाय, तेवढं कळतंय."

आमच्या घरात अमावस्या कुणी पाळत नव्हतं, पण गुऱ्हाळाचा मालक पाळायचा. लहानपणी त्या दिवशी आई घरी असायची, म्हणून मी शाळेला दांडी मारायची. ते सगळं विसरून मी चंद्राला कामाला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातापाया पडून दहा मिनिटं मोटार बंद करायला लावली. "पोरी, आवर की, रस आंबतोय!" असं तो बोंबलत असतानाच रेघ सपाट झाली. मोटार सुरू केली, रेघ डळमळली.

सरांना सांगितलं. त्यांनी नोंदींचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मला हे पहिल्यापासून खटकत होतं." परिषद राहिली, परदेशातली जागा गेली. प्रबंधाला आणखी तीन वर्षं लागली आणि त्याचा विषय झाला नोंदींतून विजेच्या मोटारींचा गोंगाट कसा वगळावा. चूक मार्गदर्शकांनी वेळीच ओळखली, असं मी त्यात लिहिलं. आभाराच्या पानावर सर, विभाग, शिपाई, एवढंच काय, गुऱ्हाळाचा मालकसुद्धा आला. आई नाही आली. चिपाडं वाळवणाऱ्या बाईनं, तीही आपल्याच आईनं, चूक काढली हे लिहायची मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

बांधून आलेला प्रबंध घरी नेला. आईनं हात पुसून तो मांडीवर घेतला.

"माझं नाव लिवलंस काय गं?"

"लिहिलंय की."

"कुठं?"

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून सरांच्या नावावर ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं आणि प्रबंध पदराखाली धरून थेट गुऱ्हाळ गाठलं. मालक कॉलेज शिकलेला होता.

संध्याकाळी परत आली ती गुमान. प्रबंध कपाटात ठेवला. "मालकानं वाचलं," ती म्हणाली. "हाय म्हणाला माझं नाव." आणि माझ्याकडं न बघता भाकरी थापायला बसली.