आत्यांचे अनवाणी पाय

दुसरं मूल जन्मताच गेलं आणि माझं हसणं-बोलणं बंद झालं. लोणीच्या घरात मी चुलीपुढं नुसती बसून राहायचे. माझ्या सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणायचे, देवीला नवस केला. सून हसायला लागली की तिच्या हातानं ओटी भरीन, तोवर चप्पल घालणार नाही.

त्या साली कांदा काढायला पेठेत राहणारी एक बाई आली होती. तिच्या घरी रविवारी प्रार्थना असायची. औषधाला जाते असं सांगून मी जायला लागले. तिथं मला कुणी काही विचारलं नाही. नुसता हात धरून माझ्यासाठी येशूकडं मागितलं. घरी आले तरी कुणीतरी सोबत आहे असं वाटत राहिलं. धार काढताना मी त्याच्याशी मनात बोलू लागले. एक दिवस वासरानं माझा पदर चघळला आणि मला हसू आलं.

आत्या धावत बाहेर आल्या. "पावली गं बाई, पावली!"

मग दर मंगळवारी त्या खण-नारळ काढून ठेवायच्या. दुसऱ्या देवापुढं आता वाकणार नाही, असा शब्द मी येशूला दिला होता, पण ते सांगायला तोंड नव्हतं. मी म्हणायचे, "आत्या, मला चालत न्हाई." मग खोटं उघडं पडू नये म्हणून बाजूला बसायचे. स्वयंपाक, पाणी, सगळं त्यांच्यावर. चैत्राच्या उन्हात त्या अनवाणी हंडा आणायच्या आणि मी सावलीत बसून बघायचे.

शेवटी त्याच म्हणाल्या, "आगं, दर मंगळवारी कसं गं येतं तुला? डाक्टरला दाखवायचं का?"

मी रडत सगळं सांगितलं.

"म्हंजी हसवलं तुला त्यांच्या देवानं, आन् अनवाणी मी?"

"आत्या, घाला ना चप्पल."

"देवीला बोललेय मी. तुला तुझा शब्द मोडवत न्हाई, मग मला कसा मोडवंल?"

पुढच्या रविवारी मी घरातच थांबले. त्या खेकसल्या, "जा की! परत चुलीपुढं बसलीस तर काय करू मी?"

मी गेले. गाणं सुरू झालं आणि पहिल्यासारखाच आनंद झाला. लाज वाटत होती, तरी झाला. खोट्याची क्षमा मागितली, आत्यांच्या पायांसाठीही मागितलं.

परत आले तर त्या ओट्यावर बसून पायातला बाभळीचा काटा काढत होत्या. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"हळू गं. आन् तुझ्या देवाला सांग, सबंध निघू दे म्हणावं."

काटा निघाला. चप्पल त्यांनी शेवटपर्यंत घातली नाही. तो आनंद अजून मला सोडून गेलेला नाही, पण प्रार्थनेला डोळे मिटले की त्या भेगाळलेल्या टाचाही समोर येतात.