रुमाल वर गेला नाही

बायकोला मी सगळं सांगतो. शाळेत कोण कोणावर रुसलंय, हेडमास्तरांचा कोट कुठे उसवलाय, कॅम्पातल्या बेकरीत मी गुपचूप काय खाल्लं — सगळं. हे मात्र तिलाही माहीत नाही. कितीदा ओठांवर आलं, आणि प्रत्येक वेळी मी तिच्याकडे चहा मागितला. आता तुमच्यापुढे बसलोय, तर पुन्हा चहाचीच तल्लफ येतेय. पण आज नको.

आधी सोपं सांगून टाकतो. मला फुटबॉलच्या मॅचेस बघायचा नाद आहे. खेळायचा नव्हे — माझे पाय सायकल मारण्यापुरतेच. लढाईच्या आधीची गोष्ट सांगतोय. बेळगावात तेव्हा कॅम्पाच्या मैदानावर गोऱ्या सोल्जरांच्या मॅचेस होत, बँड वाजे, साहेबांसाठी खुर्च्या मांडलेल्या असत. तिकडे मी फारसा फिरकत नसे. मला आवडायच्या त्या खेडेगावातल्या मॅचेस. भात कापून मोकळी झालेली शेतं, रोवलेले बांबू, त्यांच्यावर आडवी बांधलेली काथ्याची दोरी, आणि मैदानाची रेघ म्हणजे चुलीतली राख. शनिवारी शाळा सुटली की मी सायकल काढायचो. कधी काकती, कधी खानापूरकडची गावं, कधी जांबोटीच्या वाटेवर चढ लागला की सायकल हातात धरून. एकदा निपाणीपर्यंत गेलो, तोही मालमोटारीत तंबाखूच्या पोत्यांवर बसून. घरी आलो तेव्हा बायकोनं मला अंगणातच आंघोळ करायला लावली. "तुमचं लग्न त्या चेंडूशीच लावायला हवं होतं," असं ती म्हणायची. खोटं नव्हतं ते.

काय असायचं त्या मॅचेसमध्ये? ऐन रंगात कुणाची तरी म्हैस मैदानात शिरायची आणि तिला हाकलायला गोलकीपरच धावायचा, कारण म्हैस त्याचीच असायची. खेळणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ आपण उभे. आणि गावोगावी ओळख. "बेळगावचं मास्तर आलं बगा" म्हटलं की बसायला घोंगडी यायची, वर गूळ-शेंगा यायच्या. खरं सांगू? मला त्याची चटक लागली होती. शाळेत माझा वर्ग कुणी गप्प बसून ऐकत नसे, इथे मात्र म्हातारीकोतारी माणसं माझं मत विचारत.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोलाला जाळी नसे. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावरून डोकी फुटायची. म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी मिळून प्रत्येक गोलासाठी एक त्रयस्थ माणूस निवडायचा, त्याला खांबाशी बसवायचं आणि त्याच्या हातात पांढरा रुमाल द्यायचा. चेंडू आत गेला तर त्यानं रुमाल वर करायचा. शिट्टीवाला रेफ्री असला तरी गोलाच्या बाबतीत रुमालाचा शब्द शेवटचा. आणि रुमालवाल्याला दिसलंच नाही तर? तर त्यानं तसं सांगायचं — त्यात कमीपणा काही नाही — मग रेफ्री तिथेच चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू करी. इतकं सोपं होतं. तीनच उत्तरं होती, आणि तिसरं खरं होतं.

मी कुठल्याच गावचा नाही, वर मास्तर. म्हणजे रुमाल माझ्याकडे यायचाच.

परशाबद्दल मात्र आधी सांगितलं पाहिजे. परशराम — त्याचं आडनाव आणि गाव मी सांगणार नाही. जांबोटीच्या वाटेवरचं लहानसं गाव, एवढं पुरे. भातशेती करणारा गडी, माझ्याहून बराच लहान. अनवाणी खेळायचा, आणि डाव्या पायाचा त्याचा फटका असा यायचा की गोलकीपर आधी तोंड फिरवायचा आणि मग हात पुढे करायचा. पण गावात त्याची ओळख या खेळामुळे नव्हती. त्यांच्या रवळनाथाच्या जत्रेत पालखीपुढे दिवटी धरायचा मान त्याच्या घराकडे होता. बापानं धरली, आज्यानं धरली. दिवटी धरणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, असा त्या घराचा दंडक. परशा एरवी सगळ्यांची टिंगल करायचा, माझ्या सायकलच्या घंटीचीसुद्धा. पण खळ्यावर, बांधावर कुणाचं भांडण झालं की लोक त्यालाच साक्षीला बोलवायचे. परशानं सांगितलं म्हणजे संपलं.

तर त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी मॅच होती. निपाणीकडची टीम पाहुणी आली होती, वखारीत काम करणारी दणकट पोरं. गावानं मैदान झाडून काढलं होतं. गोलामागे शेताचा उंच बांध होता, तो बायकांनी नुकताच शेणमातीनं सारवला होता — जत्रेचे पाहुणे टेकतील म्हणून. खेळ सुरू झाल्यावर मात्र चेंडूच्या भीतीनं तिथे कुणी बसलं नाही. सगळे दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं उभे. मी खांबाशी, मांडीवर रुमाल.

निपाणीच्या एकानं मला तपकिरीची डबी दिली होती. लाच नव्हे हो — निपाणीचा माणूस भेटला की तंबाखूतलं काहीतरी द्यायचाच. मी त्या टीमकडे झुकलो होतो असंही नाही. तसं असतं तर निदान एक कारण तरी असतं.

निपाणी एका गोलानं पुढे होती. शेवटाकडे खेळ त्यांच्या गोलाकडे, म्हणजे मी बसलो होतो तिकडे, येईना. मी कंटाळलो. डबी उघडली, चिमूट ओढली. तेवढ्यात आरडाओरडा झाला, परशा पळत येताना दिसला, त्यानं डावा पाय मागे नेला — आणि मला शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ शिंका. डोळ्यांत पाणी, नाकाला रुमाल. तोच रुमाल.

डोळे उघडले तेव्हा सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

चेंडू माझ्या बाजूला, खांबाच्या बाहेर पडला होता. परशा दोन्ही हात वर करून उभा. रेफ्री — कॅम्पातून पेन्शनीत निघालेला हवालदार — म्हणाला, "बोला मास्तर." मी काय सांगायचं होतं? "मी शिंकत होतो." एवढंच. सगळे हसले असते. पुढच्या गावी "शिंकरं मास्तर" म्हणून नाव पडलं असतं, घोंगडी मिळाली असती पण हसू दाबत. एवढंच झालं असतं. तेवढंही मला नको होतं. चेंडू बाहेर पडलेला दिसतोय, म्हणजे बाहेरूनच गेला असणार — असा हिशेब मी क्षणात केला, रुमाल मांडीवर ठेवला आणि ठासून म्हणालो, "बाहेर."

परशा हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्याचं हसू गेलं.

इथवर ही चूक होती, असं म्हणता येईल का? मीही बरीच वर्षं असंच म्हणत आलो. पण गोष्ट इथे संपत नाही.

मॅच संपली, गाव हरलं. लोक वाद घालत देवळाकडे निघाले. माझी सायकल बांधापलीकडे होती. ती घ्यायला मी गोलामागून गेलो, आणि बांधावर मला तो दिसला. चेंडूचा ठसा. ओल्या सारवणात गोल, खोल खळगा, आणि मधोमध चेंडूच्या वादीची शिवण उमटलेली. दोन्ही खांबांच्या बरोबर मध्ये. चेंडू आतूनच गेला होता, बांधावर आपटून तिरपा उडाला होता आणि माझ्या बाजूला येऊन पडला होता. आसपास कुणी नव्हतं. मी हाक मारली असती तर हवालदार परत आला असता.

मी चप्पल काढली आणि पायानं तो ठसा सारखा केला.

हो. असंच. सारवण मऊ होतं, सहज मिटला. मग विहिरीवर जाऊन पाय धुतला, आणि देवळाकडे गेलो. हे सांगतानाही त्या पायाला गार शेणमाती लागल्यासारखी वाटतेय.

देवळापुढे निपाणीचा कुणीतरी परशाला म्हणत होता की हरल्याची लाज वाटते म्हणून खोटं बोलतोस. परशा तरातरा पायरीशी गेला, गुरवाकडून अंगारा घेतला आणि म्हणाला, "रवळनाथाची आण. चेंडू आत गेलता." खेळाची गोष्ट आता खेळाची राहिली नव्हती. पाटील वयस्क, सावकाश बोलणारे. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, उद्या पालखी हाय. ह्येच्या हातात दिवटी हाय. म्हणून परत इचारतो. तुम्ही डोळ्यांनी बघितलासा?"

काय मऊपणानं विचारलं होतं त्यांनी! त्यांनी दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. परशा माझ्याकडे बघत होता, रागानं नव्हे — वाट बघत होता. मी विहिरीवर धुतलेला पाय दुसऱ्या पायामागे घेतला आणि म्हणालो, "बघितलं. बाहेर गेला."

मला कुणी आण घ्यायला सांगितली नाही. मास्तराचा शब्द त्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी दिवटी परशाच्या चुलतभावानं धरली. मी तिथे नव्हतो, नंतर दुसऱ्या एका गावच्या मॅचला ऐकलं. सांगणारा वर असंही म्हणाला, की मास्तर, तुमच्यासारखा माणूस होता म्हणून खोटं उघडं पडलं. आणि मी मान डोलावली. त्या गावी मी परत गेलो नाही. बाकीच्या गावांत मात्र जात राहिलो, रुमाल घेत राहिलो. तपकीर सोडली — जणू दोष तिचाच होता.

मग लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं, पोरं फौजेत गेली, मॅचेस बंद पडल्या. लढाई संपली आणि यंदा पुन्हा कुठेकुठे बांबू उभे राहिले. काकतीजवळ एका मॅचला गेलो होतो. रुमाल दुसऱ्याच कुणाकडे होता. माझे डोळे आता तितके चांगले नाहीत. बांधावर बसलो तर शेजारी एक माणूस येऊन बसला. केस पिकलेले. "वळखलासा का मास्तर?" म्हणाला.

परशाच होता. मला पळून जावंसं वाटलं — हे खरं सांगतो. पण त्यानं शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवल्या. घरचं विचारलं, सायकलची घंटी अजून तशीच वाजते का विचारलं. मीच न राहवून म्हणालो, "परशा, त्या दिवशी..." त्याला वाटलं, मला वाईट वाटतंय म्हणून तो मलाच समजावू लागला.

"सोडा वो त्ये. तुमचा काय दोष? मला लई दिवस वाटायचं, आत गेलता, आत गेलता. मग म्हटलं, मास्तर कशाला खोटं बोलतील? त्यास्नी काय मिळणार हुतं? म्हंजे माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं. हावेपायी न्हाय ते दिसलं, आनि मी देवाची आण घेऊन बसलो. दिवटी गेली ती बरं झालं बगा. चुकीच्या हातात ऱ्हायली असती."

सगळं अगदी शांतपणे. दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी तो उपास धरतो, पालखी निघाली की मागे, अंधारात चालतो. आता तो कुणाची साक्ष देत नाही. बोलवायला आले तर सांगतो, माझ्या डोळ्यांचं काय खरं न्हाय.

सांगायला तेव्हा काय हरकत होती? आम्ही दोघंच होतो. माझं नाव आता कितीसं उरलंय? ठसा, सारवण, विहीर — चार वाक्यं पुरली असती. मी शेंगा खाल्ल्या. "चांगल्या आहेत," म्हणालो.

तेवढ्यात समोर एका पोरानं फटका मारला आणि चेंडू दोन्ही खांबांच्या मधून गेला. आंधळ्यालाही कळावं इतका सरळ. सगळे ओरडले. परशाचे हात टाळीसाठी वर आले आणि तसेच थांबले. त्यानं वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी मान डोलावली. मग त्यानं टाळी वाजवली.