शाळेची इरजिक

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. त्याच तेजीत सरकार आमच्याकडून शेतसाऱ्याबरोबर शाळापट्टीही घेऊ लागलं. पट्टीतून भातकुलीजवळच्या आमच्या गावात शाळेची खोली उठली. खोलीत पाटलांचा कापूस बसला आणि आम्ही पोरं बाहेर लिंबाखाली. मास्तर बाजाराच्या दिवशी अमरावतीला व्यापाऱ्याकडे कारकुनी करायचे, आणि त्या तेजीत बाजाराचा दिवस कोणता नव्हता? वाचायला मला वडिलांनीच शिकवलं.

मग वर्दी आली, शाळाखात्याचे डिपुटी तपासणीला येणार. हुशार निघेल त्या एका पोराला गावाच्या नावाने अमरावतीच्या सरकारी शाळेत जागा मिळणार होती, खाण्यापिण्याच्या खर्चासकट. वडील म्हणाले, "तुह्याशिवाय हाये कोन गावात?" मी हवेतच होतो.

आमच्याकडे कुणाची नांगरट मागे पडली की गाव आपापल्या बैलजोड्या घेऊन जातं, दिवसात रान उरकतं आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. त्याला इरजिक म्हणतात. पाटलांनी शाळेची इरजिक घातली. गावची निम्मी पोरं कापूस वेचायला, तेव्हा अमरावतीच्या एका खाजगी पंतोजीची तयार पोरं आणायची आणि गावाची अब्रू राखायची. इरजिकीला नाही म्हणत नाहीत, म्हणून वडिलांनी आमचीच गाडी जुंपली. त्यांना वाटलं, पाहुणी पोरं मागे बसून नुसती गर्दी दाखवतील.

कापूस निघाला, खोली सारवली गेली. पाहुणी पोरं बसली पुढे, आम्ही मागे भिंतीला. डिपुटींनी विचारायचं आणि पुढच्यांनी घडाघडा सांगायचं. मी हात वर केला, तर मास्तर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. डिपुटी खूश झाले. शाळा उत्तम चालली आहे, दुसऱ्या मास्तराची गरज नाही, म्हणाले. जागा पुढच्या रांगेतल्या एका पोराला देऊन टाकली.

वडील तडक पाटलांकडे गेले. "पाटील, पट्टी आमी भरून राह्यलो, अन् जागा अमरावतीच्या पोराले? त्या पट्टीचं करता काय, ते तरी सांगा."

पाटील पंगतीत शिरा खात होते. "इरजिकीचा हिसाब कोनी मांगते का, राजेहो?"

सगळी पंगत हसली. पाटलांपेक्षा त्या हसणाऱ्यांचा मला आजही जास्त संताप येतो. पट्टी तेही भरत होते, आणि त्यांचीही पोरं लिंबाखालीच बसत होती.

पाहुण्यांना पोचवणंही आमच्याच गाडीकडे आलं. मी वडिलांना खेटून बसलो होतो. अमरावतीचा परकोट दिसू लागला तेव्हा जागा मिळालेला पोरगा पुढे सरकला.

"काका, तुमच्या गावाचं नाव काय हाये? मले शाळेत सांगा लागन."

वडिलांनी सांगितलं. चाकांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, तेव्हा बैल थांबवून पुन्हा सांगितलं.