निर्मलाताईंचा शनिवारचा तास

वर्गाला प्रश्न विचारला की निर्मलाताई गप्प बसत. वर्गात चुळबुळ सुरू होई, मुलं एकमेकांकडे बघत, मला तर उत्तर सांगून मोकळं व्हावंसं वाटे. ताई मात्र शांत. "मुलांना विचार करायला वेळ लागतो, सर. आपल्यालाच धीर नसतो," असं त्या नंतर म्हणायच्या.

मुलं विज्ञान कसं शिकतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. नव्वदच्या दशकात त्या एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत राहायला आल्या आणि दर शनिवारी जवळच्या चंदनसार गावातल्या आमच्या शाळेत सातवीचा तास घेऊ लागल्या. मी तिथे विज्ञान शिकवायचो. चुकलेलं उत्तर त्या लगेच खोडत नसत. "चुकतानाही पोरानं काहीतरी डोकं चालवलेलं असतं. ते आधी कळू दे."

पालकांना हे पटेना. अशानं परीक्षेत मार्क कोण देणार? मुख्याध्यापकांनी सभा बोलावली. तास बंद करायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. ताईंनी आपली बाजू मांडलीच नाही. बर्फाच्या पाण्यानं भरलेला स्टीलचा ग्लास टेबलावर ठेवला आणि बाहेरून थेंब जमल्यावर विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

"ग्लासातलंच झिरपतंय, दुसरं कुठून येनार?" शेतकरी घरातल्या वत्सलाबाई म्हणाल्या.

"हवेतून येतं ते, वहिनी," बँकेतले एक गृहस्थ हसून म्हणाले.

"हवेत एवढं पानी, तर आमचे कपडे वाळतात कसे, भाऊ?"

बघता बघता सभेत दोन तट पडले.

"बाई, उत्तर सांगून टाका. लोकांना घरी जायचंय," मुख्याध्यापक म्हणाले.

"कोणी उठलंय का?" ताईंनी विचारलं.

शेवटी वत्सलाबाईंनीच तोड काढली. "त्यात कोकम सरबत घाला. आतलं पानी असेल तर बाहेर लालच येईल." शेजारच्या घरातून सरबत आलं. पुन्हा थेंब जमले, तेव्हा गृहस्थांनी रुमालानं ग्लास पुसला. रुमाल पांढराच राहिला.

"माझंच खोटं पडलं की," वत्सलाबाई हसल्या.

"पण तपासून पाहिलंत. माझ्या तासाला मुलं हेच करतात."

तास बंद करा, असं त्यानंतर कोणी म्हणालं नाही.

पुढे आजारपणात ताईंनी तो तास माझ्याकडे सोपवला. मी कचरलो, तर म्हणाल्या, "उत्तर तोंडावर येईल. येऊ दे. ओठ मिटून ठेवा."

त्या गेल्याची बातमी शनिवारी सकाळीच आली. पटांगणात श्रद्धांजली झाली. अशा वेळी शाळा सोडायची, हा आमचा रिवाज. मुलं दप्तरं उचलू लागली.

"सर, सातवीला राहू दे," मी मुख्याध्यापकांना म्हटलं. "आज तास आहे."

त्यांनी शिपायाला बाकीचे वर्ग सोडायला सांगितलं आणि माझ्याबरोबर वर्गाकडे चालू लागले.

"इतकी वर्षं नुसतं बाहेरून ऐकलं," ते म्हणाले. "आज बसतो."