आजीबाईची वेणी

वॉर्डात तिला सगळे आजीबाई म्हणत. वय चौदा, पण बोलणं असं की समोरच्याने निमूट ऐकावं. लहानपणी ती रक्ताच्या कर्करोगाने याच मुलांच्या इस्पितळात आली, टक्कल मिरवत राहिली आणि बरी होऊन घरी गेली. पुढे इस्पितळाने तिला बालदूत केलं. बालदूत म्हणजे बरं झालेलं मूल. त्याने निळा पट्टा घालायचा, फलकांवर हसायचं आणि दर शनिवारी वॉर्डात येऊन नव्या पोरांना धीर द्यायचा. पट्ट्याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. शनिवार मात्र तिने कधी चुकवला नाही.

पोरांचा तिच्यावर भारी विश्वास. सुई घेऊन येणारा प्रत्येक मोठा माणूस ‘काही दुखत नाही हं’ म्हणे. इतकं धडधडीत खोटं मोठ्यांनाच जमतं. आजीबाई सांगे, दुखतं, चांगलंच दुखतं, माझा हात दाब आणि हवं तेवढं रड. केस गळायला लागून कुणी रडवेलं झालं, की ती आपली कमरेपर्यंतची वेणी त्याच्या हातात देई आणि ओढ म्हणे, माझंही असंच टक्कल होतं. पोरं वेणीला लोंबकळत, ती खोटं खोटं कण्हे. वॉर्डात हा रिवाजच पडला होता.

टिल्ली त्यातलीच. एवढीशी पोर, पण डॉक्टरांना भीक घालत नसे. औषध आलं की ओठ घट्ट मिटून घेई. शनिवारी आजीबाईने बजावलं असेल, तरच आठवडाभर मुकाट्याने गिळे.

आणि आजीबाईचाच आजार उलटला. नेहमीच्या तपासणीत कळलं, आणि वरच्या मजल्यावर, मोठ्या मुलांच्या वॉर्डात, घरून ये-जा करत उपचार सुरू झाले. टिल्लीला आपणच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाईंनी गळ घातली. देणगीदारांचा मेळावा तोंडावर आलेला, आणि आजीबाई नि टिल्ली दोघी रंगमंचावर येणार हे छापूनही झालेलं. बाई काही वाईट नव्हत्या, रडल्यासुद्धा. रडून झाल्यावर म्हणाल्या, तेवढा कार्यक्रम होऊ दे, मग सांग. आजीबाई हो म्हणाली. खरं तर तिलाही आणखी थोडे दिवस बरं झालेलं राहायचं होतं.

तिच्या बाबांचं केस कापायचं दुकान होतं, आणि लेकीची वेणी ते रोज स्वतः घालत. मेळाव्याच्या सकाळी कंगव्यात पुंजका आला. त्यांनी तो गुपचूप खिशात कोंबला, पण तिने आरशात पाहिलं.

"आज राहू दे. ताप आलाय म्हणून कळवतो," बाबा म्हणाले.

"सैल घाला, बाबा. आजचा दिवस निघेल."

सभागृह गच्च भरलं होतं. ‘मी बरी झाले’ हे वाक्य तिने कसंबसं म्हटलं. एवढ्यावर सुटका होईल असं तिला वाटलं होतं. पण निवेदकाने टिल्लीला वेणी ओढून दाखवायला सांगितलं. ती कल्पना बाईंची, आणि आजीबाईच्या कानावर कुणी घातली नव्हती.

"हळू हं," ती पुटपुटली. हा शब्द टिल्लीने तिच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. ती नेहमीसारखी लोंबकळली, आणि केसांचा झुपका मुळापासून निघून तिच्या मुठीत आला.

लांबून कुणाला काही दिसलं नाही. टाळ्या पडल्या. टिल्लीने मुठीकडे पाहिलं, मूठ पाठीमागे लपवली आणि फोटो होईपर्यंत हसत उभी राहिली. आजीबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पडद्यामागे टिल्लीने मूठ उघडली.

"परत आला?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

टिल्लीने केस तिच्या हातावर ठेवले आणि आपल्या आईकडे निघून गेली.

घरी पोचल्यावर बाबांनी उरलेल्या केसांवर मशीन फिरवलं. दुसऱ्या दिवशी आजीबाई उघड्या डोक्याने वॉर्डात उतरली. सिस्टर सुई घेऊन टिल्लीच्या खाटेपाशी उभी होती. आजीबाईने हात पुढे केला.

"दुखेल. चांगलंच दुखेल. माझा हात दाब."

टिल्लीने तिच्याकडे पाहिलं. मग सिस्टरला विचारलं, "ही खरं सांगतेय का?"

सिस्टरने होकारार्थी मान हलवली. टिल्लीने खाटेची दांडी घट्ट धरली.